तिसऱ्या टेबलाने पाठवलेलं पान

१

सोमवारी अकरा वाजून दहा मिनिटांनी पाणी तपासणी प्रयोगशाळेच्या सभागृहात अकरा फोन एकापाठोपाठ थरथरले. तक्रारींची सुनावणी नुकतीच सुरू झाली होती. पंखे फिरत होते, मागच्या रांगेत कोणीतरी जांभई देत होतं. फोनच्या पडद्यावर एकच विचारणा होती: ‘तिसरं टेबल’ पाठवत आहे, घ्यायचं का?

पहिल्या दोन रांगांतल्या लोकांनी ‘घ्या’वर बोट ठेवलं. आला तो एका वहीच्या पानाचा फोटो. आखलेले रकाने, निळ्या शाईचं नेटकं अक्षर. विहीर क्रमांक चार. शिसं: बेचाळीस. मर्यादा: दहा. खाली लहान अक्षरात, फेरतपासणी बाकी.

सभागृहात बसलेले सगळे चार नंबरच्या विहिरीचंच पाणी पिणारे होते.

मग दुसऱ्या रांगेतली शिवणकाम करणारी बाई उभी राहिली आणि फोन पुढे धरून म्हणाली, “साहेब, हे बेचाळीस म्हणजे काय असतं?”

प्रयोगशाळेचे मोठे साहेब तिच्या हातातल्या फोनकडे बघत राहिले. तो आकडा त्यांना माहीत होता. दुसरी तपासणी होईपर्यंत तो खोलीबाहेर जायचा नाही, हा नियम त्यांनीच भिंतीवर लावला होता.

दुपारपर्यंत ते पान सगळ्या वस्तीच्या फोनांत पोचलं. संध्याकाळी तळघरातल्या तिसऱ्या टेबलावर बसणाऱ्या मुलीला लेखी खुलासा मागणारं पत्र मिळालं. शुक्रवारपर्यंत समाधानकारक उत्तर आलं नाही, तर महिनाअखेरीला संपणारा तिचा करार पुढे वाढणार नव्हता.

२

बुधवारी काटेबाई आल्या. त्यांना खरं नाव होतं, पण ते बिलावर सोडून कुठे वापरलं जात नसे. प्रयोगशाळांतून फिरायचं, तिथले नाजूक काटे, मोजपात्रं, यंत्रं बरोबर मोजतात की नाही ते तपासायचं, आणि सही करून निघायचं, हे त्यांचं काम. मखमली पेटीत प्रमाण वजनं असत. ती काटेबाई चिमट्यानेच उचलत. बोटाचा घाम लागला तरी वजन बदलतं, असं त्या सांगत, आणि नवीन माणसाला ती थट्टा वाटे.

या प्रयोगशाळेतली त्यांची वर्षाची फेरी याच आठवड्यात होती. आणि तिसऱ्या टेबलावरची मुलगी त्यांच्या बहिणीची मुलगी होती; मंगळवारी तिनेच फोन करून त्यांना बोलावून घेतलं होतं.

“मावशी, चहा घे आधी.”

“चहा नंतर. टॅब कुठे आहे तुझा?”

“साहेबांनी पाकिटात घालून, सील करून कपाटात ठेवलाय. पुरावा म्हणून.” भाची स्टुलावर बसली होती आणि पांढऱ्या कोटाचं एकच बटण लावत होती, काढत होती. “मी पाठवलं नाही, मावशी.”

“ते मी विचारलंच नाही. अकरा वाजता तू कुठे होतीस?”

“वर, सभागृहात. नमुन्यांची यादी द्यायला गेले होते. दोन मिनिटं.”

“टॅब घेऊन?”

“हो. यादी त्याच्यातच होती.” तिने बटण परत काढलं. “चुकून हात लागून गेलं असेल का गं? आधी मी ठाम होते. आता डोळे मिटले की मला माझंच बोट दिसतं.”

काटेबाईंनी तिच्याकडे बघितलं. सव्वीस वर्षांची मुलगी, अंगठ्याच्या नखाखाली शाईचा डाग. तीन वर्षांत हिच्या वहीत एक खाडाखोड नव्हती. काट्याचं बिनसलं तर तो दुरुस्त करता येतो. मोजणारीचाच स्वतःवरचा भरवसा गेला, तर काय करायचं हे काटेबाईंना कोणी शिकवलं नव्हतं.

“ते पान टॅबमध्ये कसं आलं?”

“रोज संध्याकाळी वहीच्या पानाचा फोटो काढायचा असतो, ज्या त्या टेबलाच्या टॅबवर. ते पान मागच्या गुरुवारचं.”

“टॅब धड आहे ना?”

“काच तडकलीय. तसाच मिळाला. शुक्रवारी भांडारकाकांनी बदलून दिला. सगळं बदललंय म्हणाले.”

काटेबाईंनी पेटी उघडली, मग न वापरताच बंद केली.

“चहा आण आता,” त्या म्हणाल्या.

३

मी जरा शोध घेऊ का, असं काटेबाईंनी विचारलं तेव्हा मोठे साहेब नाही म्हणाले नाहीत. “बघा बुवा तुम्ही. मशीनचं तुम्हाला कळतं. काही निघालं तर मला सांगा.” त्यांच्या आवाजात आशा नव्हती, पण आडकाठीही नव्हती.

चौकशीच्या खिडकीवर बसणाऱ्या बाईला सगळे चौकशीताई म्हणत. तिचं आणि भाचीचं जमत नाही, हे इमारतीतल्या लिफ्टलाही माहीत होतं. नमुन्याच्या बाटल्या उन्हात ठेवल्या म्हणून भाचीने तिची तक्रार केली होती.

“म्हणजे मीच ना?” काटेबाईंनी विचारायच्या आधीच चौकशीताईने सांगून टाकलं. “तिच्यावर राग आहे माझा, आहेच. पण तोंडावर आहे. आणि मी सोमवारी पोचले सव्वा अकराला. बस बंद पडली. हजेरीचं मशीन बघा.”

“ही फाइल अशी कोणाच्याही फोनवर जाते कशी? ओळख ना पाळख.”

“त्यात काय. आम्ही सुनावणीचा फॉर्म तसाच पाठवतो. पूर्वी एकेक फोन जोडत बसायचो, आकडा दाखवा, आकडा जुळवा. अर्धी सुनावणी त्यातच. आता लोकांना सांगायचं, फोनमध्ये ‘सगळ्यांकडून घ्या’ करा. दहा मिनिटं ते उघडं राहतं, मग आपोआप मिटतं. तेवढ्यात आपण जवळच्या सगळ्यांना फॉर्मचा फोटो सोडायचा. जोडणी नाही, नंबर नाही, इंटरनेट नाही. खोलीच्या पलीकडे मात्र जात नाही.”

“टॅब उघडायला आकडा लागत असेल.”

“एक-दोन-तीन-चार. सगळ्यांना एकच. विसरायला नको म्हणून भांडाराच्या दारावर लिहिलाय.”

भांडारात काका कपाटांना वंगण देत होते. निवृत्तीला आलेला माणूस, चष्म्याची काडी दोऱ्याने बांधलेली. ते चार नंबरच्या विहिरीजवळच राहत, आणि हे सगळ्यांनी काटेबाईंच्या कानावर घालून झालं होतं.

“माझ्यावर संशय घ्यायला लोकांना सोपं जातंय,” काका म्हणाले. “नात चार वर्षांची आहे माझी. मला तो आकडा कळला असता, तर मी सोमवारची वाट बघितली असती का? गुरुवारीच घरी सांगितलं असतं. सभेत फोटो सोडून काय नातीचं पोट भरणार होतं?”

काटेबाईंना हे उत्तर पटलं.

“शुक्रवारी टॅब बदललेत म्हणे.”

“साहेबांचा पडला. काच फुटली. साहेबांनी फुटक्या काचेतून बघायचं का? तिसऱ्या टेबलाचा नवा होता, तो त्यांना दिला. त्यांचा जुना तिसऱ्या टेबलाला.” त्यांनी नोंदवही उघडून दाखवली. अक्षर सुरेख होतं. “स्टिकर खरवडून नवे लावले, वहीत नोंद केली, दोघांच्या सह्या घेतल्या. सगळं बदललं.”

“आतलं?”

“आतलं म्हणजे?”

या इमारतीत प्रत्येक वस्तूवर स्टिकर होता. बादलीवर, खुर्चीवर, भिंतीवरच्या घड्याळावर. स्टिकर म्हणेल ती वस्तू, असं इथे सगळे मानत. त्यांच्या स्वतःच्या कामात पहिला धडा याच्या उलट होता. पेटीवर काय चिकटवलंय ते वाचायचं नाही, वजनाच्या बुडाशी काय कोरलंय ते वाचायचं.

पण हा नुसता तर्क होता. सही करायला तेवढ्याने चालत नाही.

४

शिवणकाम करणाऱ्या बाईचं दुकान म्हणजे जिन्याखालची जागा. एक मशीन, एक बल्ब, खुंटीवर अर्धवट झालेले गणवेश. तिने मशीन थांबवलं नाही, नुसता पायाचा वेग कमी केला.

“त्या पोरीला काढणार म्हणे. खरं सांगितलं त्याचं हे बक्षीस.”

“ते पान कसं आलं, ते सांगाल का? अगदी क्रमाने.”

“क्रमाने काय. साहेब म्हणाले फोन उघडे करा, फॉर्म पाठवतो. केले. मग आलं ते.”

“कोणाकोणाला?”

तिने टाचण्यांची डबी पुढ्यात ओढली आणि एकेक टाचणी छोट्या गादीवर टोचत नावं नाही, माणसं मोजली. सलूनवाला, त्याची बायको, दोघी जावा, दूधवाला, मुख्याध्यापक. अकरा टाचण्या झाल्या. सगळे पहिल्या दोन रांगांतले.

“आणि फॉर्म कोणाकोणाला आला?”

“फॉर्म?” बाईने पाय थांबवला. “ते नाही कोणी विचारलं.”

“मी विचारते आहे.”

तिने परत टाचण्यांकडे बघितलं. एकेकीवर बोट ठेवत गेली. “ह्याच सगळ्यांना. मागच्यांना नंतर त्या ताईने कागदावर दिला.”

“फॉर्म आधी आला का पान?”

“एकदमच. फोनने एकदाच विचारलं, घ्यायचं का म्हणून. मी हो म्हटलं, दोन आले.” तिने फोन काढून दाखवला. एक फॉर्म, एक पान. दोन्हींच्या खाली वेळ तीच, अकरा दहा.

“आणि एकदाच विचारलं तेव्हा पाठवणाऱ्याचं नाव काय होतं?”

“तिसरं टेबल,” बाई म्हणाली. मग तिच्या कपाळाला आठी पडली. “पण फॉर्म तर साहेबांनी पाठवला ना?”

काटेबाईंनी अकरा टाचण्या एकेक करून डबीत परत टाकल्या. दोन दिवस सगळी इमारत पानाचीच विचारपूस करत होती. फॉर्म कोणाच्या नावाने आला, हे विचारायचं कोणाच्या डोक्यात आलं नव्हतं, कारण त्याचं उत्तर सगळ्यांना आधीच माहीत होतं.

५

गुरुवारी सकाळी काटेबाईंनी आपला फोन मोठ्या साहेबांच्या टेबलावर ठेवला आणि ‘सगळ्यांकडून घ्या’ केलं.

“ते पाकीट उघडा, साहेब. तुमच्या हाताने. आणि त्या टॅबवरून मला काहीही पाठवा.”

साहेबांनी सील तोडलं. तडकलेल्या काचेचा टॅब बाहेर काढला. पाठीवर नवाकोरा स्टिकर होता, तीन. त्यांनी कुठलासा फोटो निवडला आणि पाठवला. काटेबाईंच्या फोनने विचारलं: ‘मोठे साहेब’ पाठवत आहे, घ्यायचं का?

साहेबांनी मान वाकडी करून वाचलं. परत वाचलं.

“आता तुमच्या टॅबवरून.”

त्यांचा हात जरा उशिरा हलला. फोनने विचारलं: ‘तिसरं टेबल’ पाठवत आहे, घ्यायचं का?

“काकांनी स्टिकर बदलले,” काटेबाई म्हणाल्या. “आत कोणी हात लावला नाही. नाव तेच राहिलं, फोटोही तेच राहिले. पाठवताना आपलं नाव आपल्याला दिसत नाही, ते फक्त समोरच्याला दिसतं. शुक्रवारपासून तुम्ही तिसरं टेबल आहात आणि ती मोठे साहेब. दोघांनाही पत्ता नाही.”

“पण मी फॉर्म पाठवला.”

“फॉर्मचा फोटो सोमवारी सकाळी तुम्ही ह्याच टॅबवर काढलात. चौकशीताई आल्या नव्हत्या. त्याच्या शेजारचा फोटो कुठला आहे बघा.”

साहेबांनी खिशातून वाचायचा चष्मा काढला आणि घातला. नखाएवढे चौकोन ओळीने लागले होते. शेवटचा फॉर्म. त्याला चिकटून निळ्या शाईचं पान.

“सोमवारी चष्मा खाली राहिला होता,” ते हळूच म्हणाले.

“एकावर बोट ठेवलंत, दोन्हींवर खूण पडली. म्हणून ज्यांना फॉर्म मिळाला, नेमक्या त्याच अकरा जणांना पान मिळालं. ती वर आली होती खरी, पण तिच्या हातातल्या टॅबमध्ये ते पानच नव्हतं. ते आधीच तुमच्याकडे आलं होतं.”

बाहेर कोणीतरी लिफ्टचं दार आपटलं. साहेबांनी दोन्ही टॅब शेजारी शेजारी, कडा जुळवून ठेवले.

“तिच्या नावाचं पत्र वर गेलं,” ते म्हणाले. “काल.”

“मुदत उद्याची होती.”

“वरून फोन आला. नाव हवं होतं त्यांना. मी नाव दिलं.”

“मग दुसरं पत्र लिहा.”

“काय लिहू? पहिलं खोटं होतं म्हणून?”

“चुकीचं होतं म्हणून.”

“त्या दोन्हींतला फरक तुम्हाला आणि मला कळतो, बाई.” ते चिडलेले नव्हते. नुसते थकलेले होते, आणि काटेबाईंना त्याचीच जास्त भीती वाटली. चिडलेल्या माणसाशी भांडता येतं. “निवृत्तीला चौदा महिने राहिलेत माझे. आणि हे शोधून कोणी काढलं, असं विचारतील. मी सांगेन, मावशीने. मी काही म्हणत नाही. पण वाचणारा काय म्हणेल?”

तीस वर्षं त्यांच्या सहीवर कोणी शंका घेतली नव्हती. ही पहिलीच, आणि घेणाऱ्याचं चुकत नव्हतं.

“तिला अनुभवाचं पत्र मी चांगलं देईन,” साहेब म्हणाले. “अतिशय चांगलं. तिने राजीनामा दिला तर.”

“आणि विहीर?”

“ते पान नियमाबाहेर फुटलं, म्हणून रद्द धरलंय. फेरतपासणी होईपर्यंत कागदावर आकडाच नाही.”

“फेरतपासणी कोण करतं?”

“तिसरं टेबल,” साहेब म्हणाले, आणि आपणच काय बोललो ते ऐकून खिडकीकडे बघायला लागले.

६

तळघरात भाचीने सगळं शेवटपर्यंत ऐकून घेतलं.

“मी वर जाते,” काटेबाई म्हणाल्या. “त्यांच्याही वर. त्या शिवणवालीचा फोन आहे, दोन टॅब आहेत. कोणीही करून बघावं. मी मावशी असले म्हणून टॅब खोटं बोलणार नाही.”

“नको.”

“घाबरू नकोस.”

“घाबरले नाहीये. हिशोबच करतेय.” भाचीने ड्रॉवर उघडून पेनं एका बाजूला लावली. “तू वर जाणार. ते समिती नेमणार. समिती सहा महिने बसणार. तोपर्यंत माझा करार संपलेला, आणि हातात अनुभवाचं पत्र नाही. त्या पत्राशिवाय दुसरी लॅब मला दारातही उभी करणार नाही. त्यांना एवढंच ऐकू येणार, ही ती पान फोडणारी.”

“ते तर तसंही म्हणतील.”

“पत्र असेल तर हळू म्हणतील.”

काटेबाईंना हसू आलं नाही.

“तुझी चूक नव्हती. एवढं तरी कळलं ना तुला?”

“कळलं.” तिने अंगठा कोटाला पुसला. शाईचा डाग गेला नाही. “त्यासाठीच तुला बोलावलं होतं बहुतेक. मला वाटत होतं नोकरीसाठी.”

राजीनामा तिने तिथेच लिहिला. कारण या शब्दापुढे ती थांबली, आणि मग वैयक्तिक असं लिहून खाली रेघ मारली. अक्षर नेहमीसारखंच नेटकं आलं. काटेबाईंनी ती लिहीत असताना तिच्या टेबलावरचा काटा तपासून घेतला. काटा अगदी बरोबर होता. त्यांनी तशी सही केली.

७

दोघी फाटकापाशी आल्या तेव्हा बाहेर सात-आठ बायका उभ्या होत्या. पुढे ती शिवणकाम करणारी. तिने काटेबाईंना ओळखलं, पण ती बघत होती भाचीकडे.

“हीच का?”

काटेबाईंनी मान हलवली.

“तिसरं टेबल,” बाई मागच्यांना म्हणाली, आणि पुढे येऊन तिने भाचीचा हात दोन्ही हातांत घेतला. बोटांवर सुई टोचल्याच्या खुणा होत्या, खरखरीत. “आम्हाला कळलं तुला काढताहेत. आम्ही काय करणार, आमचं कोण ऐकतं. पण म्हटलं तोंडाने तरी सांगावं. तू ते पाठवलं नसतंस, तर आम्हाला आणखी वर्षभर कोणी काही सांगितलं नसतं.”

भाचीने मावशीकडे बघितलं. मी नाही पाठवलं, असं म्हटलं, तर पुढचा प्रश्न होता, मग कोणी. आणि अनुभवाचं पत्र पिशवीत होतं, शाई अजून नीट वाळायची होती. शिवणवालीने काल स्वतःच विचारलं होतं, फॉर्म तर साहेबांनी पाठवला ना. तिने तो प्रश्न पुढे नेला नव्हता. तिला हे उत्तर जास्त आवडलं होतं, आणि काटेबाईंना ते तिच्याकडून काढून घ्यायचा धीर होईना.

“तुम्ही अजून तेच पाणी पिता का?” भाचीने विचारलं.

“दुसरं आहे कुठे? पण आता तसं पीत नाही हो, शहाण्या झालो. वीस मिनिटं खळाखळा उकळतो. लेकरांचं तर दोनदा.”

“उकळू नका.”

“का गं?”

“शिसं उकळून जात नाही. जंतू मरतात, हे मरत नाही. पाणी आटतं आणि ते तेवढंच राहतं. दोनदा उकळलं तर…”

शिवणवालीच्या चेहऱ्यावरचं हसू अजून तसंच होतं, त्याला बातमी पोचायला जरा वेळ लागत होता.

“मग काय प्यायचं?” तिने विचारलं.

भाचीचा हात तिने अजून सोडला नव्हता.